आडातले पाणी

"आमचं नशीबच खोटं!" एक पोरगा म्हणाला.

पिंपळीची पोरे बारामतीहून क्रिकेटचा सामना हरून आली होती. सगळी पारावर बसली होती. कुणी पंचाला दोष देत होते. कुणी कर्णधाराला बोल लावत होते. दोघे तर म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही खेळणार नाही."

गुरुजी तिथून चालले होते. ते थांबले.

"काय रे, सराव किती केला होता?"

"चार दिवस, गुरुजी. शेतात कामं होती ना."

"आणि ऐन वेळी एखादा आला नाही तर?"

"तेच तर झालं! आमचा गोलंदाज लग्नाला गेला. दुसरा कुणी नव्हताच."

गुरुजी पारावर टेकले. म्हणाले, "मग ऐका. एका संघाची हकिकत सांगतो."

रणजी करंडक ही आपल्या देशातली क्रिकेटची मोठी स्पर्धा. ती १९३४ साली सुरू झाली. १९५८-५९ च्या हंगामापासून १९७२-७३ च्या हंगामापर्यंत हा करंडक एकट्या मुंबईने जिंकला. सलग १५ वर्षे! राजस्थानचा संघ १९६०-६१ पासून लागोपाठ चार वर्षे अंतिम सामन्यात पोचला. चारही वेळा मुंबईकडून हरला.

"केवढं नशीब त्यांचं!"

"नशीब एखाद्या वेळी साथ देतं, बाबा. पंधरा वेळा देत नाही. कारणं दुसरी आहेत."

पहिले कारण शाळा. मुंबईत शाळाशाळांचे सामने फार जुन्या काळापासून होतात. पोर लहानपणीच मैदानावर येते. चांगला खेळणारा लवकर नजरेत भरतो.

दुसरे कारण नोकरी. बँका, गिरण्या, मोठ्या कंपन्या खेळाडूंना कामावर घेत. कचेऱ्यांचे संघ एकमेकांशी खेळत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. घरची चूल पेटती राहिली, म्हणून खेळही चालू राहिला.

तिसरे कारण पाऊस.

"पाऊस? पावसात तर खेळ बंद असतो!"

"तिथं नसतो. तीच तर गंमत आहे."

मुंबईत १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीगचे सामने होतात. खेळपट्टी ओली. चेंडू कधी एकदम उसळतो, कधी खालीच राहतो. गवत उंच. चेंडू जमिनीवरून लांब जातच नाही. एकेक धाव घामाने मिळवावी लागते. अशा चिखलात जो टिकला, त्याला कोरड्या मैदानाची भीती कसली?

आता खरी परीक्षा ऐका. १९७१ साली भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला. वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर आणि अशोक मांकड हे मुंबईचे पाच खेळाडू त्या संघात होते. त्याच वेळी इकडे रणजीचा अंतिम सामना आला. समोर महाराष्ट्राचा संघ. म्हणजे आपलाच. मुंबईचा संघ वेगळा असतो. पुणे जिल्ह्यातला खेळाडू महाराष्ट्राकडून खेळतो.

"मग त्या वर्षी आपण जिंकलो असू!"

"नाही. मुंबईच जिंकली. सुधीर नाईक कर्णधार झाले. पाच गेले, तर दुसरे पाच तयार होते. तुमचा एक लग्नाला गेला, तर सामना गेला."

पोरे गप्प झाली.

गुरुजी पुढे म्हणाले, "पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज. भारताकडून कसोटी खेळायची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. पण म्हणून ते रुसून घरी बसले नाहीत. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासला तमिळनाडूशी झाला. त्यात त्यांनी एका डावात ८ आणि दुसऱ्या डावात ५ गडी बाद केले."

"मग मुंबई कधी हरलीच नाही का?"

"हरली तर! १९७३-७४ साली कर्नाटकानं उपान्त्य सामन्यात हरवलं. तोवर त्यांच्याकडंही प्रसन्ना, चंद्रशेखर, विश्वनाथ असे खेळाडू तयार झाले होते. आड दुसऱ्यालाही खणता येतो, पोरांनो. मुंबईनंही हात टेकले नाहीत. २०२३-२४ साली तिनं हा करंडक ४२ व्या वेळी जिंकला."

गुरुजी उठले. जाता जाता म्हणाले, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अकरा जण म्हणजे पोहरा. आड आधी भरा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लहान मुलांना मैदानावर बोलावले गेले. त्यांतली दोन मुले गोलंदाजी शिकू लागली. शिकवायला कोण होते? 'पुढच्या वर्षी खेळणार नाही' म्हणणारे तेच दोघे.

विचार करा व सांगा

१. मुंबईच्या यशाची तीन कारणे कोणती?
२. पाच मोठे खेळाडू नसतानाही मुंबई कशी जिंकली?
३. 'आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?' ही म्हण शेतीला किंवा घरसंसाराला कशी लागू पडते?
४. तुमच्या गावच्या भजनी मंडळात किंवा सोसायटीत आज काम करणाऱ्यांच्या मागे कोण तयार होत आहे?