एका टिंबाची फी

जी०० एक्स५५ झेड५. प्रोग्रॅममधली ही ओळ मला अजून तोंडपाठ आहे. ५० मिलिमीटरचा बार चकमध्ये पकडलेला, तोंडावर तीन मिलिमीटर माल फेसिंगसाठी शिल्लक. टूल बारपासून जरा लांब येऊन उभं राहील, एवढीच माझी अपेक्षा होती. सायकल स्टार्ट दाबलं आणि टरेट पूर्ण रॅपिडने बारच्या तोंडात घुसला. इमर्जन्सीचं लाल बटण शेजारच्या ऑपरेटरने धावत येऊन दाबलं. माझा हात हिरव्या बटणावरच थिजलेला. इन्सर्ट फुटला, होल्डर वाकला, टरेटचं अलाइनमेंट गेलं. मशीन चार दिवस बंद.

राहिलं होतं ते एक टिंब. फॅनकच्या कंट्रोलरवर पॅरामीटर तसा लावलेला असेल, तर दशांशचिन्हाशिवाय लिहिलेला ५५ हा आकडा मशीन ५५ मायक्रॉन म्हणून वाचतं. म्हणजे ०.०५५ मिलिमीटर, जवळजवळ बारचा मध्यच. झेडच्या पाचाचे झाले पाच मायक्रॉन. आकड्यापुढे नुसतं टिंब दिलं असतं तरी भागलं असतं.

आणि हा पराक्रम मी शिकण्याआधी केलेला नाही. सहा महिन्यांचा सीएनसी प्रोग्रॅमिंगचा पार्टटाइम कोर्स करून, प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेऊन, पेढे वाटून मग केला.

भोसरीच्या एमआयडीसीत मी १७ वर्षं काम करतोय. आयटीआयचा टर्नर, साध्या लेथवर हात बसलेला. आमच्या शॉपमध्ये तीन सीएनसी आल्या आणि माझ्यापेक्षा निम्म्या वयाची पोरं सेटर झाली, तेव्हा आपणही काहीतरी करायला हवं हे कळलं. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे माहीत होतं. पण दिवसभराचं कॉलेज करायचं तर घरात चूल कशी पेटायची? म्हणून पार्टटाइम. पतसंस्थेतून ३२ हजारांचं कर्ज काढलं, एका सेंटरमध्ये सगळी फी एकरकमी भरली आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगायला गेलो. हा क्रमच उलटा होता.

आमच्याकडे तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलणाऱ्या. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, मग नाइट. क्लास संध्याकाळी साडेसहाला. सेकंड शिफ्टचा आठवडा म्हणजे क्लास पूर्ण बुडाला. नाइटच्या आठवड्यात क्लासला जाता यायचं, पण फळ्यावर काय लिहिलंय ते दोनदा वाचावं लागायचं. एकदा क्लासवरून घरी मोशीला येताना बाइकवरच डोळा लागला. दुभाजकाला चाक घासलं आणि जाग आली, म्हणून आज हे लिहितोय. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. "आधी बोलला असतात तर दोन माणसं इकडेतिकडे केली असती, आता रोस्टर लागलंय," एवढंच म्हणाला. त्याचं बरोबर होतं. सहा महिन्यांत जवळजवळ एक तृतीयांश तास माझ्याविना झाले, आणि त्यातच टूल ऑफसेटचा आठवडा होता.

शनिवार-रविवारची बॅच का नाही घेतली, असं कुणी विचारेल. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी आम्ही कामावर. शहरातल्या बहुतेक सेंटरांचं वेळापत्रक ऑफिसातल्या माणसाच्या सुट्टीवर बेतलेलं असतं. शॉपफ्लोअरवरच्या माणसाचा रविवार कधी असतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

पण शिफ्टपेक्षा मोठी चूक वेगळीच होती. बॅचमध्ये आम्ही तीस जण आणि मशीन एक. पाच महिने कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, शेवटच्या महिन्यात प्रॅक्टिकल. माझ्या वाट्याला खऱ्या मशीनसमोर पाऊण तास आला असेल, त्यातही बटणं दाबणारा बहुधा दुसराच कुणी. सिम्युलेटर ५५ ला मुकाट्याने ५५ मिलिमीटर समजायचा. तिथे धडक बसली तर पडदा लाल व्हायचा आणि रिसेट मारून आम्ही चहाला जायचो. रॅपिड ओव्हरराइड २५ टक्क्यांवर, सिंगल ब्लॉक चालू, एक हात फीड होल्डवर, असा पहिला पीस काढतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचे गुणही मिळाले होते. शॉपमध्ये यातलं एकही केलं नाही, कारण हाताला ते कधी करायलाच लागलं नव्हतं.

कागदाची गत तर त्याहून वाईट. सेंटरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'आयएसओ ९००१ प्रमाणित' लिहिलेलं. मला वाटलं सरकारमान्य. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीला मिळतं. तिथल्या कोर्सला मान्यता आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. कंपनी कायद्याखालची नोंदणी किंवा उद्यम नोंदणी दाखवणारेही भेटतात, तिचंही तेच. विचारायचं ते हे की कोर्स राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात, म्हणजे एनएसक्यूएफमध्ये, कोणत्या पातळीवर बसतो आणि त्याचा पात्रता कोड काय. हा आराखडा २०१३ पासून आहे. एनसीव्हीईटीच्या राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत तो कोड मोबाइलवर शोधता येतो. कोड विचारल्यावर समोरचा माणूस 'प्लेसमेंट'बद्दल बोलायला लागला, तर नमस्कार करून उठावं. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाखालची टूल रूम्स आहेत, छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम त्यातलंच. अशा ठिकाणी छोटे कोर्स असतात. तिथे आधी चौकशी करण्याचा शहाणपणा मला नंतर सुचला.

धडकेनंतर शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही लेथवरच बरे," म्हणाले. दोन वर्षं मी त्या तीन मशीनच्या बाजूने जाताना मान वर केली नाही. पतसंस्थेचा हप्ता तेवढा दरमहा आठवण करून द्यायचा.

दुसऱ्यांदा शिकलो ते भीत भीत, आणि म्हणूनच नीट. आधी शेठकडे गेलो. शिफ्ट ठरवून हवी, असं लेखी मागितलं. बदल्यात दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांचा ओटी कबूल केला. फुकट मागितलं असतं तर मिळालं नसतं, असं माझं मत आहे. मग आमच्याच पट्ट्यातलं एक ठिकाण सापडलं, तिथे गुरुवारची दिवसभराची बॅच होती. बारा माणसं, दोन टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी. फी तीन हप्त्यांत, प्रत्येकाची पावती. भरण्याआधी एका गुरुवारी नुसता मागे उभा राहून वर्ग पाहिला. शिकवणारे सर टूल लावताना स्वतः हात तेलात घालत होते. तेवढं मला पुरलं.

अडचणी तिथेही आल्या. पोरं मला काका म्हणायची आणि मायक्रोमीटर धरायला माझ्याकडे यायची. पण टेपरचं गणित आलं की काका गप्प. ३० मिलिमीटरवरून २४ वर यायचं, लांबी ४०. साध्या लेथवर उस्तादाने सांगितलेला सव्वाचार अंश मी वर्षानुवर्षं लावत होतो. तो कुठून येतो, हे ठाऊक नव्हतं. माझी मुलगी तेव्हा नववीत. तिच्या भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणमिती होती. "बाबा, टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची बाजू," एवढं तिने सांगितलं. व्यासातला फरक सहा, त्याचा निम्मा तीन, भागिले चाळीस, म्हणजे ०.०७५. कोन निघाला चार अंश सतरा मिनिटं. उस्ताद बरोबर होता. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहून मी तो आकडा तीनदा काढला.

चाळिशीतल्या कामगाराने नववी-दहावीचं गणित आधी उजळून घ्यावं, कोर्स नंतर. इंग्रजीला मात्र घाबरू नये. कंट्रोलरवर येणारे अलार्म ठरावीकच असतात; मी ते एका वहीत मराठी अर्थासह लिहून काढले. ती वही आता शॉपमधली पोरं मागून नेतात.

जुन्या कामाचा अनुभव कुठे उपयोगी पडतो आणि कुठे घात करतो, हेही तिथेच कळलं. जी९६ लावलं की मशीन कटिंग स्पीड कायम ठेवतं आणि व्यास कमी होईल तसे फेरे वाढवतं. वेग मिनिटाला २०० मीटर ठेवला, तर ५० मिलिमीटर व्यासावर साधारण १,२७३ आरपीएम येतात. टूल १० मिलिमीटर व्यासाशी पोचलं की तेच ६,३६६ मागितले जातात. जी५० ने कमाल आरपीएमला लगाम घातला नसेल, तर जॉची पकड सैल होऊन जॉब उडू शकतो. साध्या लेथवर गिअर लावला की फेरे ठरलेले, त्यामुळे ही भीती मला माहीतच नव्हती. उलट इन्सर्ट बोथट झाल्याचा आवाज मला लोड मीटरच्या आधी कळायचा. तो त्या पोरांना ऐकूच यायचा नाही.

आठ महिने लागले. खऱ्या मशीनवर माझे किती तास झाले, ते मी वहीत रोज लिहिलं: एकूण ९४. प्रमाणपत्र मिळालं त्या आठवड्यात काहीच घडलं नाही. तीन महिन्यांनी एक सेटर सोडून गेला, तेव्हा शेठनी ड्रॉइंग हातात दिलं. २५ एच७ चं बोअर, वर २१ मायक्रॉनची मुभा, खाली शून्य. प्रमाणपत्र कुणी पाहायलाही मागितलं नाही. पहिला पीस २५.००९ आला. पगार अडीच हजारांनी वाढला. सतरा वर्षं काम केलेल्या माणसाला ही वाढ कमीच आहे, आणि तसं मी शेठना सांगितलंही.

गेल्या महिन्यात चाकणचा भाचा एका कोर्सची चौकशी करायला मला घेऊन गेला. एसी रिसेप्शन, काचेपलीकडे चकचकीत मशीन. मी म्हटलं, जरा मशीन चालू करा. मग सेटिंगमधलं टायमरचं पान उघडायला सांगितलं. त्यावर मशीन किती तास चालू होतं, त्यात प्रत्यक्ष कटिंग किती झालं आणि किती पार्ट निघाले, हे सगळं दिसतं. तुम्हीही कुठे फी भरण्याआधी हे एक पान बघा. मशीन दाखवायचं आहे की शिकवायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. माहितीपत्रकाप्रमाणे तिथली ती चौथी बॅच. पडद्यावर कटिंग टाइम होता अकरा तास.

भाच्याने फी भरली नाही.