जर्मन आगगाडींत उपयोगी पडणारे शब्द

जर्मनीस शिक्षणासाठीं निघालेला विद्यार्थी बहुधा 'गूटन मॉर्गन' आणि 'डांके' एवढें पाठ करून जातो. तें अवश्य यावें. पण आमच्या मतें त्याहून अगोदर शिकावयाचा शब्द निराळा आहे, आणि तो म्हणजे 'एंटवेर्टन'.

तिकिटास जर्मन भाषेंत 'फारकार्टे' म्हणतात. बर्लिन, म्युनिक इत्यादि शहरांत स्थानकावर शिरतांना फाटक लागत नाहीं, दारावर तिकीट पाहणाराही नसतो. विकत घेतलेलें कागदी तिकीट प्रवाशानें स्वतःच एका लहान यंत्रांत घालून त्यावर तारीख-वेळेचा छाप उठवावयाचा असतो. यासच 'एंटवेर्टन' म्हणतात. 'वेर्ट' म्हणजे मूल्य, आणि 'एंट' हा उपसर्ग तें काढून घेतल्याचें दाखवितो. तिकिटाचें मूल्य काढून घेतल्यावांचून तें चालूं नये, हें विचित्र खरें! पण हेतु इतकाच कीं, तेंच तिकीट पुन्हा वापरतां येऊं नये. कांहीं तिकिटांवर छाप अगोदरच असतो. म्हणून शंका येतांच विचारावें: 'मुस इश डी फारकार्टे नोख एंटवेर्टन?' (या तिकिटावर अजून छाप मारावयाचा आहे काय?)

तपासनीस साध्या वेषांतही येतो. छाप नसेल तर तिकीट खिशांत असूनही प्रवासी विनातिकीट ठरतो. हा दंड २०१५ सालीं ४० युरोंवरून ६० युरो झाला. अशा प्रवासास 'श्वार्त्सफारन', म्हणजे शब्दशः 'काळा प्रवास', असें म्हणतात. पालकांनीं मुलास निरोप देतांना एवढें तरी बजावावें.

'श्टायगेन' म्हणजे चढणें. त्यावरून 'आइनश्टायगेन' म्हणजे गाडींत चढणें, 'आउसश्टायगेन' म्हणजे उतरणें आणि 'उमश्टायगेन' म्हणजे गाडी बदलणें. उतरण्यांतही चढणें आहेच! 'वो मुस इश उमश्टायगेन?' म्हणजे 'मी गाडी कोठें बदलावी?' 'फेरश्पेटुंग' म्हणजे उशीर. परंतु 'फेल्ट आउस' हे शब्द ऐकूं आले तर थांबूं नये, गाडी रद्द झाली आहे.

वेळेच्या बाबतींत मोठी फसगत होते. वेळापत्रकांत ७.३० असें सरळ छापतात, पण बोलतांना 'हाल्प आख्ट', म्हणजे 'अर्धे आठ', म्हणतात. आपला विद्यार्थी त्यास साडेआठ समजला तर गाडी तासापूर्वींच गेलेली असते. आंकड्यांत मात्र मराठी मुलास सोपें जातें. 'फ्यून्फउंडड्राइसिश' म्हणजे पांच आणि तीस. आपणही पस्तीस म्हणतांना पांच अगोदरच घेतों.

अनोळखी माणसास 'डू' (तूं) न म्हणतां 'झी' (आपण) म्हणावें. 'एन्टशुल्डिगन झी, हेल्ट डीझर बुस आम बानहोफ?' म्हणजे 'माफ करा, ही बस स्टेशनाजवळ थांबते काय?' उतरावयाचें असल्यास बसमधील कळ दाबावी. बहुधा समोर 'वागन हेल्ट', म्हणजे 'गाडी थांबत आहे', हीं अक्षरें उजळतात.