पातेले एक, ताट वेगळे



साखरेवर लिहिले की मला फोन येतात, आणि त्यातले निम्मे फोन औषधांविषयी नसतात. प्रश्न असा असतो : "मी पथ्य करायला तयार आहे हो, पण घरात दुसऱ्या कोणाला ते नको आहे. नवऱ्याला नारळाच्या दुधातली आमटी आणि भात लागतो, नातवंडांना श्नित्सेल आणि चिप्स. मग मी रोज दोन स्वयंपाक करायचे का?"

करू नका. दोन स्वयंपाक पहिले पंधरा दिवस होतात. तिसऱ्या आठवड्यात कंबर दुखते, पाहुणे येतात, आणि आपली उकडलेली भाजी करायची राहून जाते. मग आपण मोठ्या पातेल्यातलेच खातो, तेही भुकेजलेले असताना. शिवाय आपल्याच टेबलावर आजाऱ्याची वेगळी वाटी घेऊन बसणे मनाला लागते. मी तीस वर्षे परिचारिका होते आणि गेली अकरा वर्षे स्वतःची साखर सांभाळते आहे. मुलगा खालच्या मजल्यावर राहतो, पण दुपारी सगळे जेवायला माझ्याकडे. आमच्याकडे पातेले एकच असते, माझे ताट तेवढे वेगळे.

आधी पातेल्याचे बघू. भारतातल्या मासिकांत वाचायला मिळते की नारळाऐवजी दही घाला. माशाच्या आमटीचे ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीने ठरवावे, पण मटणात आणि कोंबडीत आपल्याला दही चालत नाही. नारळाचे दूध आपल्या स्वयंपाकात आले ते याच कारणाने, त्यामुळे ते सोडा म्हटले की घरात भांडण होणारच. डब्यातल्या घट्ट नारळाच्या दुधात १०० ग्रॅमला साधारण १५ ते २० ग्रॅम चरबी असते आणि तिचा बहुतेक भाग संपृक्त असतो. म्हणून मी दूध निम्मे घालते, आणि उरलेला दाटपणा हिरव्या वाटणातून आणते : कोथिंबीर भरपूर, एक भाजलेला कांदा आणि दोन चमचे पंढरपुरी डाळे. रंग तोच राहतो, वास तोच राहतो. नारळाचे दूध शेवटी, आच बंद करताना घातले तर थोड्यातही चव लागते.

दुसरी युक्ती याहून सोपी. जे घालायचे ते घालण्याआधी आपली वाटी बाजूला काढायची. फोडणीचे जास्तीचे तेल, नारळाचे दूध, गूळ, हे सगळे शेवटी पडते. त्याआधीची वरणाची वाटी, त्याआधीचे बिरडे, ते माझे. मासे तळायचे असतील तर मसाला सगळ्यांना सारखाच लावायचा, आणि देनीसचे माझे दोन तुकडे ओव्हनच्या ट्रेमध्ये ठेवायचे. वेगळा स्वयंपाक झाला असे कोणाला वाटत नाही, आणि भांडेही एकच वाढते.

बिरड्याविषयी दोन शब्द. तिशा बेआवचा उपास सोडताना आपण बिरडे खातो आणि मग वर्षभर त्याला विसरतो. मोड आलेले वाल, मूग, मटकी यांत प्रथिने आणि तंतू दोन्ही असतात, त्यामुळे साखर भातासारखी झपाट्याने चढत नाही. भारतीय दुकानात वाल मिळतात. सोलायचा कंटाळा असेल तर मूग घ्या. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा मोडाचे काहीतरी असतेच, आणि जो भाजीला नाक मुरडतो तोही ते खातो, कारण त्याला ते पथ्याचे वाटत नाही.

घरच्यांना न सांगता काय बदलावे आणि काय बदलू नये, हे मात्र नीट समजून घ्या. तेल कमी करणे, मराकची पावडर अर्धी घालणे, गोड कमी करणे, यात धोका नाही. पण बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ कोणाला न विचारता डब्यात भरू नका. त्यात पोटॅशियम असते. घरात कोणाचे मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठते तशा गोळ्या कोणी घेत असेल, तर ते मीठ हृदयाला धोक्याचे ठरू शकते. साधेच मीठ थोडे थोडे कमी करत न्यावे. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते. आणि घरात दोन वर्षांखालचे मूल असेल तर त्याच्या वाटचे दूध, तूप, नारळ कापू नका. त्याला चरबीची गरज असते.

सुपरमध्ये डब्यावरचे लाल गोल शिक्के बघण्याची सवय लावा. इस्राएलमध्ये ते २०२० पासून आहेत. आताच्या नियमाप्रमाणे घट्ट पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम, १० ग्रॅमपेक्षा जास्त साखर किंवा ४ ग्रॅमपेक्षा जास्त संपृक्त चरबी असेल तर शिक्का बसतो. नातवंडे हे शिक्के माझ्या आधी ओळखतात. खाणे थांबवत नाहीत, ते वेगळे.

आता ताट. शिजलेल्या भाताची एक मध्यम वाटी, म्हणजे १५० ग्रॅम, यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. दोन पातळ चपात्यांत साधारण तेवढीच. दोन्ही एकाच जेवणात घेतले की दुप्पट झाले. बटाटाही याच हिशेबात धरा, आपण त्याला भाजी म्हणतो म्हणून तो सुटत नाही. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट मासा, कोंबडी किंवा कडधान्य, उरलेला पाव भात. तपकिरी तांदळासाठी मी घरात वाद घालत नाही. तो जरा बरा आहे, पण त्याच्या दोन वाट्यांपेक्षा पांढऱ्या बासमतीची एक वाटी साखरेला सोपी जाते.

जेवणाचा क्रमही महत्त्वाचा. आधी भाजी आणि प्रथिने, भात शेवटी, असे खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. या देशाची एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे : इथे बारीक चिरलेली काकडी-टोमॅटोची सॅलड सगळेच खातात. मी ती जेवणाच्या दहा मिनिटे आधी टेबलावर ठेवते. सगळे भुकेले असतात, हात रिकामे असतात. वाडगा संपतो. आमचे हे त्याला "घास" म्हणतात आणि दोनदा वाढून घेतात.

एक इशारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील तर भात एकदम कमी करू नका. गोळी तीच आणि भात निम्मा, यात साखर खाली घसरते : घाम, थरथर, गोंधळ. आधी कुपत खोलीममधल्या डॉक्टरांशी बोला. नुसते मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी.

शुक्रवारची रात्र मी बदललेली नाही, आणि तुम्हीही बदलू नका असे माझे मत आहे. द्राक्षाच्या रसात १०० मिलिलिटरला १५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणून किद्दुशचा पेला दुसऱ्याने करावा आणि आपण एक घोट घ्यावा. हमोत्सीचा हल्ल्याचा तुकडा लहान घ्यावा आणि टोपली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवावी. मग सॅलड, मासा, कोंबडी. पोट तेवढ्यानेच बरेच भरते. त्या रात्री मी कोणाच्या ताटाकडे बघून काही बोलत नाही. मलिद्याचेही तसेच. एलियाहू हन्नाबीचा मलिदा नाकारू नये, पण पोहे म्हणजे तांदूळच, त्यात साखर आणि खोबरे. दोन चमचे घ्यावे आणि बरोबरच्या फळांतला एक तुकडा. घरी नेण्याची पुडी दुसऱ्याला द्यावी.

न बोलण्याचे मला सर्वात जड जाते ते मुलाच्या बाबतीत. तो एकेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याची तीन महिन्यांची साखर ६.० आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असला की मुलांना धोका वाढतो, आणि आपल्या भारतीय वंशाच्या लोकांना तो कमी वजनावरही गाठतो. म्हणून पुरुषांनी कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांनी ८० च्या आत ठेवावी. हे मी त्याला एकदा सांगितले, आकड्यासकट. रोज सांगितले असते तर तो जेवायला वर आलाच नसता, आणि निम्म्या नारळाची आमटीही त्याच्या पोटात गेली नसती. तो अजून कोला पितो. जेवणानंतर पंधरा मिनिटे मी चालायला जाते तेव्हा कधी येतो, कधी नाही.

स्वयंपाकघर ज्यांच्या हातात नाही त्यांचे फोनही येतात, विशेषतः मुलाकडे राहणाऱ्या बायकांचे आणि एकट्या राहिलेल्या पुरुषांचे. त्यांनी सुनेच्या पातेल्यात हात घालू नये आणि तिच्या हातच्या कुसकुसला नावे ठेवू नयेत. एकच गोष्ट मागावी, रोज तीच, म्हणजे तिच्या लक्षात राहील : "नारळाचे दूध घालण्याआधी माझी वाटी काढून ठेवशील का?" आणि काकडी-टोमॅटो आपण बसल्या बसल्या चिरून द्यावेत, सगळ्यांपुरते.