पाठ होत नाही म्हणून सायन्स सोडू नका

दहावीचा निकाल लागला की धानोरा, भामरागड, सिंदेवाहीकडचे पालक एक काळजी हमखास बोलून दाखवतात: पोराच्या लक्षातच राहत नाही, सायन्स झेपेल का? एवढ्याच कारणावरून नीटचा किंवा वनशास्त्राचा विचार सोडून देणे मला मुळीच पटत नाही.

तात्पुरती स्मृती सगळ्यांचीच तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली; २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती चारवर आणली. पहिल्या नंबराच्या मुलालाही हीच मर्यादा आहे. १९६०१९८२१९४७ हे बारा आकडे एकदा वाचून म्हणायला सांगा, बहुतेक जण अडखळतील. पण यात महाराष्ट्राची स्थापना, गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती आणि स्वातंत्र्य अशी तीन वर्षे दिसली की लक्षात ठेवायच्या गोष्टी तीनच उरतात. जागा तेवढीच, पण आधीच्या माहितीमुळे तिच्यात जास्त मावते. १९८८ साली अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

आपल्या भागातल्या मुलांकडे अशी माहिती भरपूर आहे, फक्त ती अभ्यासात धरली जात नाही. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, हे आलापल्लीच्या पोराला सांगावे लागत नाही. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून टंचाईच्या काळात झाड पानेच टाकते, एवढे त्याला जोडून दिले की बाष्पोत्सर्जनाचा धडा निम्मा समजतो. मोहफुले वेचणाऱ्या मुलीने मोहाची फांदी मोडल्यावर येणारा पांढरा चीक पाहिलेला असतो. चिकूलाही तसाच चीक असतो आणि दोन्ही झाडे एकाच, सॅपोटेसी कुळातली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी घ्यायची तर अशी कुळे पुढे शिकावीच लागतात.

जुनी समजूत कधी आडही येते. वटवाघूळ उडते म्हणून ते पक्षी, असे डोक्यात बसलेले असेल तर आधी ते दुरुस्त करावे लागते. त्यासाठी मुलाला बोलते करायला हवे, आणि घरी माडिया किंवा गोंडी बोलत असाल तर त्याच भाषेत. नवा धडा उघडण्याआधी ‘याबद्दल तुला काय ठाऊक आहे?’ असे विचारा. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तोच धडा सांगायला लावा. चार-पाच नव्या संज्ञांपुढे एका बैठकीत जाऊ नका.

पालकांनो, अकरावीचा प्रवेश ठरवण्यापूर्वी निदान महिनाभर असा अभ्यास करवून पाहा. शाखेचा निर्णय त्यानंतर, मुलाला सोबत बसवून घ्या.