अनामत आणि अमानत : भाड्याच्या घराचे शरई नियम




जून महिना लागला की आपल्या वऱ्हाडात दोन प्रकारची धावपळ सुरू होते : शेतात पेरणीची आणि शहरात खोलीची. दर्यापूर, अचलपूर, बाळापूर, मूर्तिजापूर येथील मुले-मुली शिक्षणासाठी अमरावती-अकोल्यास येतात. त्यांचे थोरले भाऊ नोकरीसाठी पुणे-मुंबईची वाट धरतात. घर पाहताना आपण भाडे विचारतो, नळ किती दिवसांआड येतो हे विचारतो, मशीद किती दूर आहे हेही विचारतो. हा व्यवहार अल्लाहला मान्य होईल असा आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या व्यवहारातील शब्दच पाहा. मालक, दलाल, करार, जामीन, अनामत हे मराठीत रुळलेले सारे शब्द मूळचे अरबी आहेत. 'अनामत' म्हणजे 'अमानत'च होय. फिकहमध्ये भाडेकराराला 'इजारा' म्हणतात. तो शब्दही मराठीला परका नाही. शब्द आपल्या जिभेवर टिकला. त्यातील जबाबदारी आपल्या हातून पाळली जाते काय, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

इजारा म्हणजे घराची मालकी न देता त्याचा उपयोग ठरावीक मोबदल्यात, ठरावीक मुदतीसाठी देणे. म्हणून भाडे आणि मुदत दोन्ही पक्षांना स्पष्ट ठाऊक असणे ही त्याची अट आहे. 'आधी राहायला या, भाड्याचे मग पाहू' हे शब्द आपुलकीचे वाटतात. पुढच्या भांडणाचे मूळ बहुधा त्यांतच असते. दलालाचा मोबदलाही आधीच ठरलेला असावा.

आता अनामत रकमेकडे वळू. नावाने ती अमानत असली तरी मालक ती खर्च करतो आणि भाडेकरूला हे मान्य असते. खर्च करण्याची मुभा मिळालेली रक्कम फिकहच्या दृष्टीने कर्ज ठरते आणि कर्ज पूर्ण परत करणे बंधनकारक असते. मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे आणि त्यास साक्षीदार असावेत, असा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. आपल्या राज्याचा कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. लेखी करार मागणे हा अविश्वास नव्हे. ती कुरआनची शिकवण आहे.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मुंबई-ठाण्याकडे 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत आहे. समजा, एका घराचे चालू भाडे दरमहा 12,000 रुपये आहे. मालक म्हणतो, 'पाच लाख ठेवा, भाडे देऊ नका. अकरा महिन्यांनी पाच लाख घेऊन जा.' गावाकडे आई दागिने मोडते, वडील शेताचा तुकडा विकतात आणि 1,32,000 रुपये वाचले म्हणून घर समाधान मानते. परंतु पाच लाख हे कर्ज आहे आणि फुकट राहणे हा त्या कर्जाच्या अटीवर मिळालेला लाभ आहे. कर्जावर अट घालून घेतलेला लाभ म्हणजे रिबा, अर्थात व्याज. भाडे शून्य न ठेवता नावापुरते शंभर रुपये लिहिले, तरी कर्जामुळेच ते घटले असेल तर हेतू बदलत नाही. बँकेच्या व्याजापासून दूर राहणारे कितीतरी श्रद्धावंत या दाराने नकळत त्यात शिरतात.

मग मार्ग कोणता? दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी साधी अनामत ठेवून चालू दराने भाडे द्यावे. मालकाला रकमेची निकड असेल तर काही महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावे. ते परत मिळत नाही, महिन्यामागे फिटत जाते, म्हणून ते कर्ज ठरत नाही. आगाऊ भाड्याच्या मोबदल्यात मालकाने दरात थोडी सवलत दिली तर तीही घेता येते. आधीच 'हेवी डिपॉझिट'वर राहत असाल तर आपल्या परिस्थितीबद्दल जवळच्या मुफ्ती साहेबांचा सल्ला घ्यावा.

दुसरी परीक्षा सत्याची आहे. नाव ऐकताच 'खोली गेली' असे उत्तर मिळण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. ते दुःख खरे आहे. तरीही मित्राच्या नावावर करार करणे किंवा तीन माणसे सांगून सात माणसांनी राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे; खोट्या पायावरील करारात बरकत नसते. हाच आरसा आपल्यातील घरमालकांनीही पाहावा. बोअरचे पाणी खारे आहे, पावसाळ्यात छत गळते, हे लपवून घर देणारा धान्याच्या राशीत ओला दाणा दडवणाऱ्या व्यापाऱ्यासारखाच आहे, आणि त्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) कसे खडसावले, हे आपण जाणतो. कोणा समूहाच्या वैरापायी न्याय सोडू नका, ही सूरह माइदाची ताकीदही ध्यानी ठेवावी. आपली खोली रिकामी असेल तेव्हा जात-धर्म पाहून दार लावू नये.

राहू लागल्यावर घर ही भाडेकरूच्या हातातील अमानत असते. वापराने भिंतीचा रंग उडाला तर त्याची भरपाई त्याच्यावर नाही. निष्काळजीपणाने नळ मोडला तर आहे. घर राहण्याजोगे ठेवणारी मूळ दुरुस्ती मालकाची. मदीनेत आल्यावर प्रेषित (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी तळमजल्यावर उतरले होते. एकदा वरच्या मजल्यावर पाण्याचे भांडे फुटले. पाणी खाली ठिबकू नये म्हणून त्या पती-पत्नीने आपले एकुलते पांघरूण घालून ते टिपून घेतले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी शेजारधर्माचा याहून सोपा धडा कोणता?

शेवटी घर सोडण्याचा दिवस येतो. भाडेकरूने वीजबिल फेडून किल्ली द्यावी. मालकाने त्याच दिवशी अनामत परत करावी. 'नवा भाडेकरू आला की देतो' असे म्हणून ऐपत असताना टाळाटाळ करणे यास हदीसमध्ये जुलूम म्हटले आहे.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो आणि प्रत्येक बेघराला हलाल निवारा देवो. आमीन.