गरोदरपणातील टी-रेग पेशी: रक्ताच्या नळीपासून निष्कर्षापर्यंत

गर्भाची निम्मी जनुके वडिलांकडून आलेली असतात, तरी आईची प्रतिकारयंत्रणा त्याला परके ठरवून हाकलत नाही. यात नियामक टी-पेशींचा, म्हणजे टी-रेगचा मोठा वाटा आहे. या पेशी आणि त्यांचे फॉक्सपी३ जनुक उलगडणाऱ्या साकागुची, ब्रुनको व रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात वायसीएम आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन मोठी रुग्णालये एकाच परिसरात आहेत. इथे प्रबंधासाठी हा विषय घेत असाल, तर आपण पुढील क्रमाने जावे.

१. रक्त की अस्तर, हे आधी ठरवा. दोन्हीकडच्या पेशी सारख्या नसतात. उदाहरणार्थ, रक्तातील बहुतेक एनके (नैसर्गिक मारक) पेशींवर सीडी१६ हे प्रथिन असते. डेसिड्युआत, म्हणजे गरोदरपणात बदललेल्या गर्भाशयाच्या अस्तरात, ते बहुतेकींवर नसते. म्हणून रक्तातील एनके मोजून गर्भाशयाविषयी निष्कर्ष काढू नयेत. वारंवार गर्भपात झालेल्या महिलांना ही रक्ततपासणी सर्रास सुचवली जाते; तिच्यावरून उपचार ठरवावेत इतका पुरावा नाही.

२. संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी घ्या. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गर्भवतींच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. संमतीपत्र मराठीसोबत हिंदीतही ठेवा. चाकण-भोसरीच्या वस्त्यांत परप्रांतीय कुटुंबे बरीच आहेत. नेहमीच्या तपासणीच्या वेळीच रक्त घ्या, दुसरी सुई नको. गर्भपातानंतरचे अस्तर हवे असल्यास महिलेचा निर्णय झाल्यावरच संमती विचारा.

३. गट जुळवा. गरोदरपणाचे आठवडे पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून नोंदवा. वय, आधीची बाळंतपणे, संसर्ग आणि स्टेरॉइड यांचीही नोंद हवी.

४. नमुना जपा. हेपरिनच्या नळीत रक्त घेऊन खोलीच्या तापमानाला ठेवा, बर्फात नको. त्याच दिवशी प्रक्रिया करा आणि रक्त घेतल्याची व प्रक्रियेची वेळ लिहा. चाकणहून येणारी नळी वाहतुकीत अडकली, तर ते वहीत दिसले पाहिजे. समप्रमाणात बफर मिसळून रक्त १.०७७ घनतेच्या फायकॉलवर अलगद सोडा. ४०० जी बलाने ३० मिनिटे फिरवा, ब्रेक बंद ठेवा. गरोदरपणात न्यूट्रोफिल वाढतात आणि त्यांतील हलक्या पेशी लिम्फोसाइटच्या थरातच अडकतात. त्या ओळखण्यासाठी सीडी१५ वापरा.

५. रंगवण्याचा क्रम मोडू नका. आधी मृत पेशी ओळखणारा रंग, मग पृष्ठभागावरील सीडी३, सीडी४, सीडी२५, सीडी१२७. त्यानंतर पेशी स्थिर करून आवरण सच्छिद्र करा आणि शेवटी फॉक्सपी३ची अँटिबॉडी घाला, कारण फॉक्सपी३ प्रथिन केंद्रकात असते. प्रत्येक रंगाचा स्वतंत्र नमुना आणि एकेक रंग वगळलेला नियंत्रण-नमुना हवाच. हे वेळखाऊ वाटते, पण त्यांच्याविना सीमारेषा मनाने ओढली जाते.

६. फ्लो सायटोमीटरवर चिकटलेल्या आणि मृत पेशी वगळा. मग सीडी४ पेशींतून सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी आणि फॉक्सपी३ असलेल्या पेशी निवडा. टक्केवारीसोबत दर मायक्रोलिटरमधील संख्याही द्या. गरोदरपणात पांढऱ्या पेशी आणि रक्तद्रव दोन्ही बदलतात, त्यामुळे नुसती टक्केवारी फसवी ठरते. विभागात यंत्र नसेल, तर गणेशखिंडच्या एनसीसीएससारख्या पेशीविज्ञान संस्थेकडे आधीच विचारणा करा.

७. संख्या म्हणजे कार्य नव्हे. माणसाच्या साध्या टी-पेशीही उत्तेजित झाल्यावर थोडा काळ फॉक्सपी३ दाखवतात. दमन-क्षमता तपासायची तर टी-रेग जिवंत वेगळ्या कराव्या लागतात. तिथे फॉक्सपी३ निरुपयोगी, कारण ते रंगवताना पेशी मरतात; सीडी२५ आणि सीडी१२७वरच निवड करा. मग सीएफएसई रंग दिलेल्या साध्या टी-पेशींना उत्तेजित करून टी-रेगसोबत वाढवा. दर विभाजनाला रंग निम्मा होतो, त्यावरून वाढ किती रोखली गेली ते कळते.

ही सगळी साखळी आधी गर्भवती नसलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तावर बसवा. तीही समितीच्या मंजुरीनेच. निकाल पुन्हापुन्हा जुळू लागले, की मगच गर्भवतीचा पहिला नमुना मागा.