एंटरही मोजायचा असतो

पूर्णा, भिवंडी

चि. सोनू हिस,


तुझ्या आईने पाठवलेला प्रोग्रॅम पाहिला. ‘आणखी माल आहे का, वाय की एन?’ असं तो पहिल्यांदा नीट विचारतो आणि दुसऱ्यांदा उत्तराची वाट न बघताच पुढे पळतो. कंपायलरला शिव्या घालू नकोस. तू वाय दाबलास, मग एंटर. तुझ्या लेखी ते एक उत्तर, पण सी भाषेच्या लेखी ती दोन अक्षरं: १२१ आणि १०. पहिल्या स्कॅनएफने १२१ उचलला, १० तिथेच पडून राहिला, आणि दुसऱ्याने आयता तोच उचलला.

कॉलेजात कुणीतरी एफफ्लश करून एसटीडीइन साफ करायला सांगेल. ऐकू नकोस. काही कंपायलरवर ते चालतं, पण सीच्या मानकात त्याला अर्थच दिलेला नाही. पर्सेंट सीच्या आधी एक मोकळी जागा सोडलीस तर उरलेला एंटर गिळला जातो. मला मात्र दुसरी रीत पसंत आहे: पहिलं अक्षर ठेवायचं आणि एंटर हाती लागेपर्यंत बाकीची गेटचारने वाचून टाकून द्यायची. कुणी नुसत्या वायऐवजी अख्खं ‘येस’ लिहिलं तरी प्रोग्रॅम अडखळत नाही.

एंटर दाबेपर्यंत गेटचारला काहीच का मिळत नाही, असं तू विचारलंस. तोवर ओळ टर्मिनलने धरून ठेवलेली असते, म्हणून तर बॅकस्पेसने चूक खोडता येते. टर्बो सीमधलं गेटच अक्षर लगेच देतं खरं, पण ते प्रमाण सीचा भाग नाही. लिनक्सवर त्याची कोनिओ फाइल शोधत बसशील.

सुट्टीत इकडे आलीस की तुला गाळ्यात नेतो. पूर्णा गावात गोडाऊनांना तोटा नाही, आणि तिथला बारकोडचा स्कॅनर कॉम्प्युटरच्या लेखी बहुधा कीबोर्डच असतो. नोटपॅड उघडून एखादा पुडा स्कॅन कर. तेरा आकडे उमटतात आणि कर्सर आपोआप खालच्या ओळीवर उतरतो. तो एंटर स्कॅनरने स्वतः पाठवलेला असतो. सेटिंग बदललं तर टॅबही पाठवतो. असा कोड एकेक अक्षराने वाचायला घे. ‘८’ म्हणून जे येतं ते ५६ असतं, त्यातून शून्याच्या अक्षराचे ४८ वजा कर. मग पहिला आकडा एकपट, दुसरा तिप्पट, तिसरा एकपट अशी बेरीज करत जा. तेराही आकड्यांची बेरीज दहाने भागली गेली तरच कोड बरोबर. ८९०१२३४५६७८९० घालून बघ, १३० येईल. सुरुवातीचे ८९० हे भारतातल्या नोंदणीचे.

आणखी एक. गेटचारचं उत्तर इंटमध्ये ठेव, कॅरमध्ये नको. इनपुट संपलं की तो ईओएफ देतो, आणि ती ऋण संख्या असते, बहुधा उणे एक. तू फोनवर कोड चालवतेस. फोनच्या एआरएम प्रोसेसरवर कॅर बहुधा ऋण संख्या धरतच नाही. उणे एकचे २५५ होतात आणि लूप थांबायचं नाव घेत नाही. तोच कोड लॅबच्या पीसीवर मुकाट चालतो, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तुझ्याकडे आहेच. जोडीला कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाच. अक्षरं, ओळी, शब्द मोजायचे छोटे प्रोग्रॅम त्यात गेटचारवरच उभे आहेत. ते बघून टाइप करू नकोस, पुस्तक मिटून लिही. आणि काही बिघडलं की आधी आलेल्या प्रत्येक अक्षराचा आकडा छापून बघ, मग मला फोन कर.

हे फोनवर ‘पूर्णा’ लिहूनही करून बघ. एंटर धरून एकोणीस आकडे येतील. एकट्या ‘प’चे तीन: २२४, १६४, १७०. गेटचार बाइट देतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये तीन बाइट लागतात. काना, उकार, हलन्त सगळे वेगळे. नाव उलटं छापायचा प्रोग्रॅम तुला दिलाय ना? तो ‘पूर्णा’वरच चालव. बाइट उलटवलेस तर कचरा दिसेल. तीन-तीनचे गट उलटवलेस तर काना सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहील. त्यावर काय करायचं ते तूच ठरव आणि कोड पाठव. स्क्रीनचा फोटो नको, फाइल पाठव.

तुझा,
मामा